वनोद्यानातले टेबल हलवू का देत नाहीत?

प्रश्न : गेल्या महिन्यात आम्ही नऊजण, त्यांत माझ्या वयोवृद्ध सासूबाई आणि दोन लहान मुले, एका वनोद्यानातील सार्वजनिक सहलस्थळी गेलो होतो. आमच्या वाट्याला आलेले टेबल उन्हात होते, म्हणून ते उचलून मोठ्या झाडाखाली नेऊ लागलो, तर रखवालदाराने अडवले. पुढे फळांच्या साली झुडपात टाकल्या तेव्हा त्याने हटकले आणि निघताना शेगडीतील निखाऱ्यांवर माती लोटली त्यालाही हरकत घेतली. सालींचे खतच होणार आणि मातीने आग विझतेच. मग हा निव्वळ अधिकार गाजवण्याचा प्रकार नव्हे काय?

उत्तर : रखवालदार कोणत्या सुरात बोलला ते आपण लिहिलेले नाही; तो उद्धटपणे बोलला असेल तर तक्रार जरूर करावी. त्याचे म्हणणे मात्र तिन्ही वेळा बरोबर होते, आणि त्यामागची कारणे त्याने सांगितली असती तर आपल्याला हे पत्र लिहावे लागले नसते.

आधी टेबलाचे पाहू. मोठ्या झाडाची मुळे खोल पाताळात जातात अशी आपली समजूत असते; प्रत्यक्षात पाणी आणि अन्नद्रव्ये शोषणारी बहुतेक बारीक मुळे जमिनीच्या वरच्या ३० ते ४५ सेंटिमीटरांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेरपर्यंत पसरलेली असतात. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून त्यांना हवा आणि पाणी मिळते. माणसांच्या पायांखाली माती दाबली गेली की या पोकळ्या मिटतात, पाणी मुरण्याऐवजी वरून वाहून जाते आणि मुळे गुदमरू लागतात. झाड लगेच काही दाखवत नाही. कित्येकदा काही वर्षांनी शेंड्याकडच्या फांद्या वाळू लागतात आणि तोवर कारण कोणाच्याच ध्यानात राहिलेले नसते. पुन्हा गेलात तर एक काटकी घेऊन टेबलाजवळच्या, गुळगुळीत झालेल्या जमिनीत खुपसून पाहा आणि मग तीच दहा पावलांवरच्या पालापाचोळ्याखाली खुपसा. पहिल्या ठिकाणी ती बहुधा मोडेल, दुसऱ्या ठिकाणी बोटभर आत जाईल.

‘आम्ही एक दिवस बसलो तर काय बिघडले?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु न तुडवलेल्या जमिनीचे बरेचसे नुकसान पहिल्या थोड्या वावरातच होते आणि नंतर तिथे शेकडो माणसे आली तरी त्यात तुलनेने थोडीच भर पडते. म्हणूनच सगळा वावर आधीच दबलेल्या मोजक्या जागांवर एकवटणे शहाणपणाचे ठरते. शिवाय टेबलांच्या जागा ठरवताना वरच्या वाळक्या फांद्याही पाहिल्या जातात. बाकीचे झाड हिरवे असताना निष्पर्ण राहिलेली फांदी किंवा बुंध्याशी उगवलेली अळंबी दिसली, तर त्या झाडाखाली बसू नये. काही जातींच्या जुन्या झाडांची मोठी फांदी वारा नसतानाही, तापलेल्या दुपारी, अचानक कोसळते. सासूबाईंना सावली हवी असेल तर टेबल हलवण्यापेक्षा सूर्याचा हिशेब करून टेबल निवडावे. दुपारनंतर सावली झाडाच्या पूर्वेकडे सरकते, त्यामुळे सकाळी थोडे ऊन सोसूनही झाडाच्या पूर्वेचे टेबल घेतलेले बरे.

सालींचे खत होते हे खरे, पण कोरड्या जागी त्याला महिनोन्महिने लागतात, आणि त्याआधी त्या वासाने प्राणी येतात. एकदा टेबलाजवळ आयते खाणे मिळते हे कळले की त्यांची माणसाविषयीची भीती चेपते. मग पिशव्या ओढणे, मुलांच्या हातचे हिसकावणे सुरू होते आणि अखेर त्या प्राण्यालाच पकडून हलवण्याची, प्रसंगी मारण्याची वेळ येते. भरून वाहणाऱ्या कचरापेटीवर पिशवी ठेवून येणेही त्यातलेच. ती परत घरी न्यावी.

निखाऱ्यांच्या बाबतीत मात्र आपली चूक गंभीर होती. माती निखारा झाकते, पण त्याची उष्णता आत कोंडून ठेवते. असा निखारा दुसऱ्या दिवशीही धगधगता सापडू शकतो आणि वाऱ्याने माती उडाली किंवा एखादे मूल अनवाणी त्यावर गेले की व्हायचे ते होते. पाणी ओतावे, काठीने राख वरखाली करावी, पुन्हा पाणी ओतावे, आणि चरचर थांबल्यावर हाताची मागची बाजू राखेच्या जवळ नेऊन पाहावी. ऊब जाणवली तर पुन्हा पाणी. राख गार होईपर्यंत ती कचरापेटीत किंवा झाडाच्या बुंध्याशी टाकू नये. एवढ्या पाण्याची सोय जवळ नसेल, तर त्या दिवशी शेगडी पेटवूच नये आणि शिदोरी घरूनच करून न्यावी.