एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड जाण्याची अवस्था) असताना चाळिशीत मानसशास्त्राचं एमए केलं, तर लिखाणाला उपयोग होतो का? नोकरी सांभाळून जमतं का?

होतो. पण मनोविकारांच्या ज्या प्रकरणांसाठी तुम्ही पुस्तक विकत घ्याल, त्यांचा नाही. ती वाचून आधी सगळं घरच आजारी दिसायला लागतं: सासऱ्यांना ओसीडी (तेच तेच करायची सक्ती), साडू नार्सिसिस्ट (आत्ममग्न). मग लिखाणातली माणसंही लक्षणांची यादी खिशात घेऊन हिंडायला लागतात. लिहिणाऱ्याच्या कामाचा निघतो तो रटाळ भाग. स्मृती, अवधान, प्रॅक्टिकल.

मी लातूरचा. आडतीवर मुनीम आहे, हौसेनं एकांकिका लिहितो. लातूर पॅटर्नच्या गावात ज्याचं पुस्तकात ध्यान टिकत नाही त्याला काय काय ऐकावं लागतं, ते सांगत बसत नाही. एडीएचडीचं निदान फार उशिरा झालं. बाराव्या वर्षाआधीपासून लक्षणं असावी लागतात, म्हणून डॉक्टरांनी लहानपणाचं विचारलं. आईनं पत्र्याच्या पेटीतली प्रगतिपुस्तकंच काढून दिली. दरवर्षी सर वेगळे, शेरा एकच: ‘हुशार आहे, पण लक्ष नाही.’ मग इग्नू या मुक्त विद्यापीठातून एमएला नाव घातलं. तिथं तेव्हा कुठलीही पदवी चालायची; २०२५ पासून मात्र यूजीसीनं मानसशास्त्राचे दूरस्थ प्रवेश थांबवलेत.

प्रॅक्टिकलला अंक ऐकून उलटे म्हणायचे असतात. वर पंखा कुरकुरत होता आणि चौथा अंक येईस्तोवर माझा दुसरा पंख्यानं नेलेला. बॅडली आणि हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली मांडलेली वर्किंग मेमरी मला तिथं कळली. काम करता करता गोष्ट धरून ठेवायची जागाच अपुरी, नवं आत आलं की जुनं बाहेर. आळसाचा काही संबंध नाही.

त्यातून एकांकिकेत एक मापाडी लिहिला. मालक एका दमात सांगतो, “पट्टी आण, काटा बघ, तुरीच्या थप्पीवर ताडपत्री टाक अन् जाताना चहा सांग.” हा चहा सांगून परत येतो आणि मधोमध उभा राहतो, हात अर्धवट उचललेला, कशासाठी उठलो होतो ते आठवत. बाहेर पाऊस सुरू होतो. कुणीही त्याला आजारी म्हणत नाही.

आमचे दिग्दर्शक म्हणाले, “हा असा का वागायलाय ते लोकाला कळंना. एक डॉक्टर टाक, दोन वाक्यं बोलू दे त्याला.” मी नाही म्हणालो, तरी त्यांनी टाकलाच. गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला डॉक्टर! वर मापाड्याला लहानपणी बाप मारायचा, असा प्रसंगही. अहो, एडीएचडी मार खाऊन होत नाही. मेंदूच्या वाढीतला फरक आहे तो, आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा.

पुढं मानसशास्त्रज्ञ बार्टलेटचा १९३२ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग वाचला आणि आमचे दिग्दर्शकच डोळ्यांपुढं उभे राहिले. बार्टलेटनं केंब्रिजमध्ये लोकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक कथा वाचायला दिली आणि नंतर आठवून सांगायला लावली. डोंग्यांच्या बोटी झाल्या, सीलची शिकार मासेमारी झाली. जे गूढ होतं ते गळालं, नाहीतर त्याला कारण चिकटलं. माझ्या मापाड्याचं त्यांनी नेमकं हेच केलं! अनोळखी माणूस ओळखीचा करून घ्यायची खोड ऐकणाऱ्याला असते, असू द्या. नाटकवाल्यानं ते काम आपल्या हातानं करून देऊ नये. आणि लातूरचा प्रेक्षक येडा नाही. डॉक्टर घुसायच्या आधी मोंढ्यातले हमाल तालमीला येऊन बसायचे. चहाच्या जागी हसले, ताडपत्रीच्या जागी गप्प. एकानं नंतर विचारलं, “आमच्या थोरल्याला बघून लिवलाव का?”

बाकी, एमएनं निदान करायचा परवाना मिळत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते, तेव्हा साडूला सोडून द्या. एडीएचडी म्हणजे प्रतिभेची देणगी वगैरे रील्सवर सांगतात. माझ्या कपाटात अर्ध्यावर सोडलेल्या संहिताच जास्त आहेत. ज्या पूर्ण झाल्या त्या एडीएचडीच्या गोळीमुळं आणि तालमीची तारीख डोक्यावर आल्यामुळं. कल्पना सुचाव्यात म्हणून गोळी परस्पर बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा. हे सगळं एडीएचडीपुरतं. डिस्लेक्सिया असेल तर आधी ती जाडजूड पुस्तकंच आडवी येतील.

मला नोकरी सांभाळून जमलं. असाइनमेंट शेवटच्या रात्री होतात, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.