‘मिलिटरी बोलवा’ म्हणण्याआधी

प्रश्न : नमस्कार मॅडम. माझी मुलगी लॉस एंजेलिसला असते. २०२५ च्या जूनमध्ये तिथे निदर्शनं झाली, तेव्हा गव्हर्नर नको म्हणत असताना राष्ट्राध्यक्षांनी सैनिक उतरवले. आपल्याकडे असं होऊ शकतं का? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर चांदणी चौकात रास्ता रोको झाला की लगेच ‘मिलिटरी बोलवा’ सुरू होतं. खरंच बोलावता येते का? कोण बोलावतं?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : येते. आणि बोलावणारं माणूस बहुधा माझ्यासारखंच कुणीतरी असतं. मी तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. सातबारा आणि दाखल्यांपलीकडे तहसीलदार हा कार्यकारी दंडाधिकारीही असतो, हे फारसं कुणाच्या गावी नसतं. बंद म्हटला की पोलिसांच्या गाडीत मागच्या सीटवर मांडीवर फाईल घेऊन बसायचं आणि आज काही होऊ नये म्हणून देवाला साकडं घालायचं, ही आमची ड्युटी.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४९ (जुन्या कायद्यात १३०) सांगतं की बेकायदा जमाव दुसऱ्या कशानेच पांगत नसेल आणि सार्वजनिक सुरक्षेसाठी तो पांगवणं भागच असेल, तर जिल्हादंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी लष्कराची मदत घेऊ शकतो. मात्र तो जागेवर हजर पाहिजे. केबिनमधून फोन फिरवून भागत नाही. ते काम कसं करायचं हे लष्करी अधिकारी ठरवतो, पण कमीत कमी बळ वापरायचं बंधन त्याच्यावर कायद्यानेच आहे. दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होत नसेल आणि धोका उघड दिसत असेल, तर अधिकारी स्वतःहून पावलं उचलू शकतो (कलम १५०). संपर्क झाला की पुढे मात्र दंडाधिकाऱ्याचंच ऐकायचं.

हे सगळं एका निवृत्त कर्नलसाहेबांनी आम्हाला प्रशिक्षणात मैदानावर करून दाखवलं होतं. आधी बिगुल. मग मराठीत लिहिलेला फलक उघडायचा. जमिनीवर पट्टी आखायची आणि ती ओलांडू नका म्हणून भोंग्यावरून बजावायचं. एवढ्यावर भागलं नाही तर दंडाधिकाऱ्याची सही. त्यानंतरही सरसकट गोळीबार नाहीच. अधिकारी एका जवानाचं नाव घेतो, त्याला एकच लक्ष्य दाखवतो आणि खाली नेम धरायला सांगतो. हवेत गोळी झाडून घाबरवणं त्यांच्या शिस्तीत बसत नाही. शेवटी रिकाम्या पुंगळ्या मोजून गोळा करायच्या आणि जखमींना प्रथमोपचार द्यायचे. कर्नलसाहेब गुडघे टेकून एकेक पुंगळी उचलत होते. तोवर आमच्यातले दोघं-तिघं चहाकडे बघत होते, ते उठून जवळ आले.

एवढा काथ्याकूट कशासाठी? पोलिसांकडे लाठी असते, अश्रुधूर असतो, माघार घ्यायची सवय असते. शिवाय जमावातली निम्मी तोंडं त्यांच्या ओळखीची असतात. सैनिकाला शिकवलेलं असतं शत्रूला नामोहरम करायचं. जालियनवाला बागेत १३ एप्रिल १९१९ ला जनरल डायरसोबत दंडाधिकारी नव्हता, जमावाला सूचनाही दिली गेली नाही, आणि १६५० गोळ्या झाडल्या गेल्या. गोळीबार न करताही कदाचित जमाव पांगवता आला असता, हे डायरने चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीपुढे स्वतःच कबूल केलं. सरकारी आकडा होता ३७९ मृत. लोकांचा त्याहून खूप मोठा.

पुणेकरांना वेगळं सांगायला नको. १८९७ च्या प्लेगमध्ये रँडने घरझडतीला गोरे सोजीर लावले. काम होतं रोगी शोधायचं, पण बूट थेट देवघरात आणि स्वयंपाकघरात गेले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांनी काय केलं ते आपण शाळेत शिकलो. याच शहराने १९६१ मध्ये पानशेतच्या बांधावर वाळूची पोती रचणारे जवानही पाहिले. त्या जवानांबद्दल अजून कुणी वावगा शब्द काढत नाही.

आता तुमच्या लेकीच्या शहराकडे. तिथले नॅशनल गार्ड (राज्याचे राखीव सैनिक) एरवी गव्हर्नरच्या हाताखाली असतात. ट्रम्प यांनी सुमारे ४००० गार्ड आपल्या अखत्यारीत घेतले, वर ७०० मरीन पाठवले. गव्हर्नरने मागणी केली नसताना असं होण्याची वेळ याआधी १९६५ मध्ये आली होती. तेव्हा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी अलाबामात सैनिक पाठवले, ते कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्कासाठी निघालेल्या मोर्चेकऱ्यांच्या रक्षणासाठी! लॉस एंजेलिसमध्ये सैनिकांकडून पोलिसांचं काम करून घेतलं, त्यामुळे लष्कराला पोलिसी कामापासून दूर ठेवणारा १८७८ चा कायदा मोडला, असा निकाल सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या संघीय न्यायाधीशांनी दिला. सरकार अपिलात गेलं.

आपल्याकडे सार्वजनिक सुव्यवस्था राज्याची, लष्कर केंद्राचं. राज्याने मागायचं आणि केंद्राने द्यायचं, ही रीत. पण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यात सशस्त्र दलं तैनात करण्याचा विषय केंद्राच्या सूचीत घातलाय, तेव्हा ‘आपल्याकडे होऊच शकत नाही’ असं मी म्हणणार नाही.

आणि रास्ता रोकोसाठी मिलिटरी? ग्रुपवर लिहा, वाहतूक पोलीस पुरेत. २०१६ च्या जाट आंदोलनात हरियाणात रस्ते इतके खणून ठेवले होते की लष्कराला रोहतकला हेलिकॉप्टरने उतरावं लागलं. गरज म्हणतात ती याला.

प्रश्न : निवडणुकीआधी आमच्या पेठेत चट्ट्यापट्ट्यांच्या गणवेशातले जवान संचलन करून गेले. मिस्टर म्हणतात मिलिटरी, मी म्हणते पोलीस.
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : तुमचंच बरोबर असण्याची शक्यता जास्त. राज्य राखीव पोलीस दल राज्याचं; त्यांचे गट इथेच रामटेकडीला आहेत. सीआरपीएफ केंद्रीय गृहखात्याचं. निळ्या पोशाखातलं आरएएफ (शीघ्र कृती दल) त्याचाच भाग, १९९२ पासून दंगलींसाठीच उभारलेलं. लष्कर संरक्षण खात्याचं, आणि त्याची पाळी या सगळ्यांनंतर येते. पुढच्या वेळी मिस्टरांना खांद्यावरची अक्षरं वाचायला सांगा.

प्रश्न : गोळीबारात निरपराध माणूस गेला तर जवानावर खटला भरता येतो का?
— एक विद्यार्थी, कर्वे रस्ता

उत्तर : थेट नाही. लष्करातल्या माणसासाठी केंद्राची मंजुरी लागते, पोलीस किंवा दंडाधिकाऱ्यासाठी राज्याची (कलम १५१). सद्भावनेने केलेल्या कामाला कायद्याचं संरक्षण आहे. म्हणून घरच्यांनी वकिलाकडे जाताना आधी एवढं शोधावं, की तिथे दंडाधिकारी कोण होता, त्याने किती वाजता आणि कशावर सही केली. तो कागद कलेक्टर कचेरीत मागता येतो.