‘ऍव्हरेज किती देते?’ : गाडी घेणाऱ्या वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात म्हटलं होतं की गाडीबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, तर पत्रांचा ढीग पडलाय. जवळपास सगळ्यांनी ‘कोणती गाडी बेस्ट’ असंच विचारलंय. महिन्याला ती किती फिरणार, कुठल्या रस्त्याने, आत बसणार कोण, हे मात्र फार थोड्यांनी लिहिलंय. ज्यांनी लिहिलंय त्यांना आधी उत्तर देतोय, बाकीच्यांनी रागावू नका, किलोमीटर कळवा.

प्रश्न : आम्ही कराडला राहतो. मी शिक्षिका आहे, शाळा घरापासून १८ किलोमीटर. मिस्टर घरूनच काम करतात, मुलगी आठवीत, सासूबाईंचे गुडघे दुखतात. बजेट ओढूनताणून ऑन रोड ८ लाख. मिस्टर म्हणतात सीएनजीच घ्यायची, भाऊ म्हणतो पेट्रोल घे, आणि शोरूमवाला म्हणतो मॅडम थोडे अजून घाला, एसयूव्हीच घ्या. डोकं फिरलंय. – एक शिक्षिका, कराड

उत्तर : ताई, शोरूमवाल्याचं आत्ता बाजूला ठेवा, तो सगळ्यांनाच ‘थोडे अजून घाला’ म्हणतो. आधी तुमचा हिशोब करू. शाळेचं जाऊनयेऊन ३६ किलोमीटर, महिन्याचे बावीस दिवस धरले तर ८०० च्या आसपास, वर गावाकडे, दवाखान्यात, लग्नकार्याला मिळून २०० धरा. म्हणजे महिन्याला १०००, वर्षाला १२ हजार.

आता पेट्रोल १०५ रुपये आणि सीएनजी ९० रुपये किलो धरून चालू (तुमच्या पंपावरचा भाव टाकून परत गणित करा). छोटी पेट्रोल गाडी रोजच्या वापरात लिटरला १८ देते असं समजलं तर किलोमीटरला पावणेसहा-सहा रुपये पडतात, आणि तीच गाडी सीएनजीवर किलोला २६ देत असेल तर साडेतीन. वाचले सव्वादोन-अडीच रुपये. सीएनजी मॉडेल पेट्रोलपेक्षा साधारण ९०-९५ हजारांनी महाग असतं, म्हणजे ते पैसे वसूल व्हायला ४० हजार किलोमीटर लागणार, तुमच्या रनिंगला सव्वातीन वर्षं. गाडी सात-आठ वर्षं ठेवणार असाल तर मिस्टर बरोबर आहेत, तीन वर्षांत बदलणार असाल तर भाऊ. कंपनीने जाहिरातीत दिलेला ३३-३४ चा आकडा मात्र या गणितात घालू नका, तो टेस्टमधला असतो, तुमच्या रस्त्यावरचा नाही.

पण गणितात न बसणाऱ्या गोष्टी पण आहेत. पंप घरापासून किती लांब आहे आणि तिथे रांग किती असते ते सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा स्वतः जाऊन बघा, कारण शाळेची घंटा व्हायला दहा मिनिटं असताना आपण पंपावर आठव्या नंबरला उभे हा अनुभव फार वाईट. दुसरं म्हणजे डिकी. मारुतीच्या वॅगनआर सीएनजीत टाकी डिकीतच बसते, एक मोठी बॅग सरळ ठेवता येत नाही. टाटाच्या टियागो सीएनजीत दोन छोट्या टाक्या खाली बसवल्यात म्हणून वर बरीच जागा उरते. तिसरं, टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) करावी लागते, आपल्याकडे लोक ती सरळ विसरतात आणि मग पंपावर टेस्टची तारीख असलेली प्लेट तपासली की वाद घालतात.

आता सासूबाई. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच आहे आणि तुम्ही ती जाता जाता लिहिलीय! बसक्या गाडीत गुडघे दुखणाऱ्या माणसाला अक्षरशः खाली पडल्यासारखं बसावं लागतं आणि उतरताना कोणीतरी हात धरून ओढावं लागतं. वॅगनआरची सीट उंच, दार मोठं, माणूस खुर्चीत बसल्यासारखा बसतो, म्हणून ती गाडी इतकी वर्षं घराघरात खपतेय, दिसायला डबा असली तरी. टेस्ट ड्राइव्हला सासूबाईंना घेऊन जा, आणि पुढे नाही, मागच्या सीटवर दोनदा बसवून उतरवून बघा.

सुरक्षिततेचं पण सांगतो, कारण तुम्ही रोज हायवेला लागणार. ग्लोबल एनकॅप ही संस्था गाड्या मुद्दाम धडकवून बघते आणि ५ पैकी स्टार देते, तिच्या टेस्टमध्ये टियागोला २०२० मध्ये मोठ्या माणसांसाठी ४ स्टार होते, वॅगनआरला २०२३ मध्ये १. मधल्या काळात टेस्टचे नियम कडक झाले, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून तुलना करणं बरोबर नाही, पण १ स्टार म्हणजे १ स्टार. मी तुमच्या जागी असतो तर सासूबाईंना टियागोत चढता-उतरता येतंय का ते आधी बघितलं असतं. येत असेल तर टियागो सीएनजी. नसेल येत तर वॅगनआर, सहा एअरबॅगवाली, आणि मागे बसणाऱ्यांनी पण बेल्ट लावायचा, मुलीने कुरकुर केली तरी.

हां, आणि ऑन रोडच्या कागदावर ‘हँडलिंग चार्जेस’ लिहिलं असेल तर काढायला लावा. इन्शुरन्स शोरूमचाच घेतला पाहिजे असं काही नाही, बाहेरचं कोटेशन काढून समोर ठेवलं की त्यांचा आकडा आपोआप खाली येतो.

प्रश्न : सर, मी २६ वर्षांचा, नोकरी इस्लामपूरला. एका एजंटकडे २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, एमएच १० पासिंग, फर्स्ट ओनर, ४२ हजार रनिंग, एकदम चकाचक, ३ लाख ४० हजार मागतोय. घेऊ का? – एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : मित्रा, तू दिलेल्या माहितीत मला खटकलेला शब्द एकच, ‘चकाचक’. सांगली-कोल्हापूरकडची २०१७ ची गाडी म्हणजे तिने ऑगस्ट २०१९ चा पूर पाहिलाय आणि जुलै २०२१ चा पण. पाहिला म्हणजे बुडालीच असं नाही, पण विचारल्याशिवाय एक रुपया ॲडव्हान्स द्यायचा नाही. माझ्या मेव्हण्याने अशीच एक चकाचक गाडी घेतली, आत मस्त परफ्युम मारलेला, आठ महिन्यांत एकेक करून चारही पॉवर विंडो बंद पडल्या, मग सेंट्रल लॉक, मग रात्री हेडलाइट. मेस्त्रीने कार्पेट उचललं तर खाली वाळलेला गाळ. एजंटने तोपर्यंत फोन उचलणं बंद केलं होतं.

म्हणून तू हे करच. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढ, अगदी संपेपर्यंत, कारण धुणारा माणूस बाहेरचा भाग धुतो, गुंडाळलेला भाग तसाच राहतो आणि त्यावर पाण्याची मातकट रेघ दिसते. सीटच्या खालचे बोल्ट आणि रूळ गंजलेत का ते मोबाइलच्या टॉर्चने बघ. डिकीत स्टेपनी बाहेर काढून खालची जागा बघ. एसी बंद करून काचा वर करून पाच मिनिटं नुसता बस, दमट वास लपत नाही, आणि परफ्युम फारच असेल तर तेच उत्तर समज.

४२ हजारांचं म्हणशील तर मीटर मागे फिरवणं ही काही अवघड कला राहिलेली नाही. ब्रेक-क्लचच्या पेडलवरचं रबर गुळगुळीत झालंय, स्टिअरिंग चकाकतंय, ड्रायव्हर सीटची उजवी कड दबलीय आणि मीटर म्हणतंय ४२ हजार, तर मग मीटर खोटं बोलतंय. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, त्यावरून टायर कधी बदलले ते कळतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मालकाला सोबत घेऊन जा आणि जुनी हिस्टरी काढायला लाव, मालक टाळाटाळ करायला लागला तर विषय संपला.

कागदाचं थोडक्यात : आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ मालकाकडून, ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०. इन्शुरन्स १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करायला टाक. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल इन्शुरन्समध्ये मिळणारी सूट, जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर तुला मिळत नाही, एजंट काही पण सांगू दे. हे सगळं नीट निघालं तर ३ लाखाच्या खालून बोलणी सुरू कर.

प्रश्न : माझी गाडी २०१४ ची. हल्ली ऍव्हरेज कमी झालंय, सगळे म्हणतात इथेनॉलमुळे. नवीन घेऊ का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नवीन गाडी घ्यायला हे कारण पुरेसं नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे २० टक्के मिसळलं की जुन्या गाडीचं ऍव्हरेज थोडं पडणारच, नीती आयोगाच्या अहवालातच जुन्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के धरलेत. म्हणजे १७ ची १६ झाली तर इथेनॉल. १७ ची १३ झाली असेल तर टायरची हवा, एअर फिल्टर, स्पार्क प्लग, चिकटलेले ब्रेक बघा, तो दोष पेट्रोलचा नाही. आणि ऍव्हरेज डॅशबोर्डवर बघू नका, टाकी फुल करून मोजा, दोन वेळा. रबरी फ्युएल पाइपला चिरा पडल्यात का तेवढं सर्व्हिसिंगला आवर्जून दाखवा.

प्रश्न : मी ५८ वर्षांची, ठाण्याला राहते. आत्ता ड्रायव्हिंग शिकतेय, क्लचने पाय भरून येतो. मुलगा म्हणतो स्वस्तातली ऑटोमॅटिक घे. जमेल का? – एक आजी

उत्तर : आजी, का नाही जमणार! घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये माझा पण पाय भरून येतो. स्वस्तातली ऑटोमॅटिक म्हणजे बहुतेक एएमटी असते, म्हणजे गाडी साधीच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मशीन करतं. त्यामुळे गिअर बदलताना थोडी मान हलल्यासारखी होते, आठवड्यात सवय होते. चढावर मात्र नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवायची नाही, क्लच जळतो, ब्रेक दाबून उभं राहायचं. बिल्डिंगच्या पार्किंगचा रॅम्प उभा असेल तर टेस्ट ड्राइव्हची गाडी घरी मागवा आणि तो रॅम्प मुलाने नाही, तुम्ही स्वतः चढवून बघा.