डेलावेअरमधल्या कंपनीचं दप्तर मागताना

शेअरहोल्डर आहात म्हणून कंपनी सगळी कपाटं उघडून दाखवेल, असं धरून चालू नका. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याच्या कंपनी कायद्यातलं कलम 220 कागदपत्रं पाहण्याचा हक्क देतं, पण मागणी लेखी आणि शपथेवर हवी. शेअर ब्रोकरमार्फत असतील तर मालकीचा पुरावा म्हणून स्टेटमेंट सोबत जोडाच. मागण्या अशा साध्या कारणावरूनही अडतात.

खरा कस लागतो तो हेतू मांडताना. 'कारभार नीट चाललाय का बघायचंय' एवढ्यानं भागत नाही. गैरव्यवहाराची शंका असेल तर तिला काहीतरी विश्वासार्ह आधार दाखवावा लागतो. व्हेरायझन या टेलिफोन कंपनीविरुद्धच्या 2006 च्या खटल्यात नुसत्या संशयावर दप्तर मागणाऱ्याला कोर्टानं रिकाम्या हातानं परत पाठवलं. 2025 च्या दुरुस्तीनंतर तर हेतू आणि कागद दोन्ही नेमके सांगावे लागतात. तेव्हा 'सर्व ईमेल द्या' असलं काही लिहू नका. ज्या बैठकीत शंकेचा व्यवहार मंजूर झाला तिचं इतिवृत्त मागा, संचालकांपुढे ठेवलेली टिपणं मागा.

कामकाजाच्या 5 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर चॅन्सरी कोर्टाचा, म्हणजे कंपन्यांचे वाद ऐकणाऱ्या डेलावेअरच्या कोर्टाचा, रस्ता मोकळा.

संचालक असाल तर हक्क बराच मोठा. पदाच्या कामाशी संबंध दिसला की पुरे. हेतू गैर आहे हे कंपनीनं सिद्ध करायचं. एवढा हक्क हाताशी असताना हिशेब न बघता सही करू नका, ही माझी कळकळीची विनंती.

कागद देण्याआधी कंपनी बहुधा गोपनीयतेचा करार पुढे करेल. त्याची मुदत वाचल्याशिवाय सही नको.