क्लब मँचेस्टरचा, अबोला इंदिरानगरचा

"मॅडम, क्लब हरला की घरातला माणूस दोन-दोन दिवस धड बोलत नाही. नवा मॅनेजर आला की परत हवेत. याला छंद म्हणायचं की वेड?"

समुपदेशनात माझ्याकडे हा प्रश्न हल्ली वरचेवर येतो. पूर्वी तो क्रिकेटवरून यायचा, आता फुटबॉलवरूनही येतो (मॅनेजर म्हणजे तिथला मुख्य प्रशिक्षक), आणि विचारणारी बहुतेक वेळा बायको नाहीतर आई असते. उत्तरादाखल एका घराची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. सामन्यांच्या तारखा मात्र खऱ्या ठेवल्यात, त्या बदलल्या तर गोष्टच उरत नाही.

अश्विनी पहिल्यांदा एकटीच आली, २०२५ च्या जानेवारीअखेर. निमित्त संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं. १९ जानेवारी, रविवार. हॉलमध्ये सोसायटीतल्या बायका, वाण देणं चाललेलं, आणि आतल्या खोलीतून एक सणसणीत शिवी, पाठोपाठ रिमोट भिंतीवर आपटल्याचा आवाज. मँचेस्टर युनायटेड स्वतःच्या मैदानावर ब्रायटनकडून १-३ हरत होतं, आणि तिसरा गोल गोलकीपरच्या हातून चेंडू सुटल्यामुळे झाला होता. "मी दारात गोड बोला म्हणतेय आणि आत हे," अश्विनी म्हणाली. सांगताना तिला हसूही येत होतं.

मुलाचं सांगताना मात्र हसू गेलं. ईशान सातवीत. दिवाळीत भाऊबीजेला आलेल्या मामाकडून त्याने लिव्हरपूलची जर्सी मागून घेतली होती. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी: लिव्हरपूल हा युनायटेडचा कट्टर प्रतिस्पर्धी क्लब. युनायटेडच्या माणसाने मुलगा नापास झाला तर एकवेळ ऐकून घ्यावं, पण लिव्हरपूल नाही. तेव्हापासून बाप-लेक कामापुरतं बोलत होते. डबा घेतलास का, क्लासला सोडू का, बस्स.

पुढच्या आठवड्यात अश्विनीचा नवरा मिलिंद आला. वय एक्केचाळीस, नाशिकच्या अंबडला इलेक्ट्रिक पॅनेल बनवणारं छोटं युनिट. येण्याची इच्छा नव्हती हे बसण्यावरूनच कळत होतं. मी नेहमीचे प्रश्न विचारले. सामन्यांवर पैसे लावता का? हरल्यावर पिणं वाढतं का? कुणावर हात उगारलाय? झोप किती? सामन्यामुळे काम चुकतं का? जगण्यात अर्थ नाही असं वाटतं का? त्याला राग आला. पण हे विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही. "वेड की छंद" याचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला, तरी पैशांचा प्रश्न मी अजून सोडत नाही. यातल्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या घरी "हो" असेल, तर हा लेख वाचत बसू नका. जवळचा समुपदेशक गाठा किंवा सरकारच्या टेलिमानसला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. मिलिंदचं यातलं काही नव्हतं. झोपेचं मात्र होतं. हिवाळ्यात तिकडचे रात्री आठचे सामने आपल्याकडे दीडला सुरू होतात आणि सकाळी साडेआठला त्याला युनिटचं शटर उघडायचं असतं.

माझ्या क्षेत्रातले काहीजण इथे फुटबॉल बाजूला सारतात आणि "खरं दुखणं" शोधायला लागतात. मला हे पटत नाही. माणूस फुटबॉलवरून रडतोय तर आधी फुटबॉलबद्दल ऐकून घ्यावं. नाशिकच्या माणसाने इंग्लंडच्या क्लबसाठी जीव का टाकावा, हा प्रश्नही मी विचारत नाही. कोल्हापुरात पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या फुटबॉल संघांवरून घराघरांत काय चालतं ते तिथल्या कुणालाही विचारा. माया जडायला अंतर आडवं येत नाही, टीव्ही पुरतो.

मिलिंदला तो टीव्ही १९९९ मध्ये पुरला. २६ मे, आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली. सातपूरच्या कॉलनीतलं दोन खोल्यांचं घर, वडील शेजारी झोपलेले, टीव्हीचा आवाज बंद. दहावीचा निकाल लागायचा होता. बार्सिलोनात चॅम्पियन्स लीगची फायनल, बायर्न म्युनिक सहाव्या मिनिटापासून १-० पुढे. नव्वद मिनिटं संपली आणि भरपाईच्या वेळेत युनायटेडने दोन गोल केले, दुसरा ओले गुन्नार सोल्शायरचा. चादर तोंडात कोंबून ओरडलो, म्हणाला. पुढे २०१३ पर्यंत, त्या हंगामासकट, युनायटेडने नऊ वेळा इंग्लंडची लीग जिंकली. मग मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसन निवृत्त झाले आणि ईशान साधारण एक वर्षाचा होता.

हे ऐकताना मला एक गोष्ट दिसली आणि मी ती तशीच सांगितली. सोळाव्या वर्षापासून तिशीपर्यंत जे पाहिलं, तेच या माणसाने क्लबचं नेहमीचं रूप मानलं होतं. पण त्याच क्लबने १९६७ नंतर थेट १९९३ मध्ये लीग जिंकली. मध्ये सव्वीस वर्षं. "ते माहितीये मला," मिलिंद म्हणाला. माहीत होतं, पण अपेक्षा ठरवताना त्या सव्वीस वर्षांना तो मोजत नव्हता.

तर नवा मॅनेजर. २०२४ च्या वसुबारसेला, २८ ऑक्टोबरला, क्लबने एरिक टेन हाग यांना काढलं. संघ चौदाव्या क्रमांकावर होता. लक्ष्मीपूजनाला, १ नोव्हेंबरला, रुबेन आमोरिम यांचं नाव जाहीर झालं. त्या संध्याकाळी मिलिंदने पेढे आणले. अश्विनीला वाटलं, मोठी ऑर्डर मिळाली.

मी त्याला कागद दिला आणि म्हटलं, मे महिन्यात काय झालेलं असेल तर तुम्ही समाधानी असाल, ते लिहा. त्याने लिहिलं: टॉप फोर (लीगमध्ये पहिल्या चारांत), युरोपा लीग ही युरोपातल्या क्लबांची स्पर्धा, आणि "जुनं युनायटेड". तिसरं मोजायचं कसं, ते त्यालाही सांगता येईना. आधार काय, विचारलं. तर डिसेंबरात मँचेस्टर सिटीला त्यांच्याच मैदानावर २-१ हरवलं होतं. आणि पुढच्या रविवारी? घरच्या मैदानावर बोर्नमथकडून ०-३. ब्रायटनच्या सामन्यानंतर तर मॅनेजर स्वतःच म्हणाले होते की क्लबच्या इतिहासातला कदाचित हा सगळ्यात वाईट संघ असेल.

"तसं बोलायला नको होतं त्याने," मिलिंद म्हणाला.

"तो या पोरांना रोज सरावात बघतो, मिलिंदराव. त्याची अपेक्षा तुमच्यापेक्षा कमी आहे."

मग खरी सल बाहेर आली. लिव्हरपूललाही त्याच हंगामात नवा मॅनेजर मिळाला होता, आर्ने स्लॉट, आणि ते पहिल्या क्रमांकावर होते. "त्यांचा पहिल्याच वर्षी करून दाखवतो, मग आमचा का नाही?" याचं उत्तर खरं तर त्यानेच मला शिकवलं, मी फक्त त्याला ते मोठ्याने बोलायला लावलं. स्लॉट यांना आधीचे मॅनेजर क्लॉप यांनी बसवलेला संघ उन्हाळ्यातच हातात मिळाला, आदल्या वर्षी तिसरा आलेला. आमोरिम हंगामाच्या मध्यात आले, आणि आल्या आल्या तीन बचावपटूंची नवी मांडणी लावली, जिची त्या खेळाडूंना सवय नव्हती.

नव्या मॅनेजरबरोबर येणाऱ्या उसळीचंही बोललो. १९९९ मध्ये तो दुसरा गोल करणारे सोल्शायर डिसेंबर २०१८ मध्ये युनायटेडचे हंगामी मॅनेजर म्हणून आले, पहिल्या एकोणीसपैकी चौदा सामने जिंकले, मार्चअखेर कायम झाले, आणि संघ घसरून सहावा आला. नेदरलँड्सच्या लीगमधल्या १९८६ ते २००४ या काळाचा एक अभ्यास आहे. त्यात मॅनेजर काढलेल्या संघांची तुलना, तशीच पडझड होऊनही मॅनेजर न बदललेल्या संघांशी केली होती. दोन्हीकडचे संघ जवळपास सारखेच सावरले. मॅनेजरला काढतात तेच मुळी संघ तळाला गेल्यावर, आणि तिथून बहुतेक संघ थोडे वर येतातच. ताप उतरायच्या दिवशी जो डॉक्टर भेटतो त्याच्या हाताला गुण आहे म्हणतात, त्यातलाच प्रकार.

यावर चाहत्याचं ठरलेलं उत्तर असतं: मग वेळ द्या, फर्ग्युसनला दिला तसा. १९८६ च्या नोव्हेंबरात ते आले, पहिली ट्रॉफी १९९० मध्ये मिळाली. त्यांच्यानंतर आलेल्या डेव्हिड मोयेस यांना सहा वर्षांचा करार देऊन दहा महिन्यांत काढलं. मिलिंदला हे पाठ होतं. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. फर्ग्युसनची गोष्ट आपण सांगतो कारण ते पुढे जिंकले. चार वर्षं मिळूनही ज्यांनी काही केलं नाही, त्यांची गोष्ट कुणी कशाला सांगेल? संयम ठेवला की फळ मिळतंच, हीदेखील एक अवाजवी अपेक्षाच आहे, फक्त शहाणी दिसते.

मग कागद पुन्हा लिहायला सांगितला, दोन भागांत. क्लबकडून काय, आणि ते झालं नाही तर मी काय करणार. मॅनेजरला काढणं तुमच्या हातात नाही. मग काय आहे? कुठला सामना जागून बघायचा, व्हॉट्सॲप ग्रुप किती वाजता बंद करायचा, सकाळी चहाच्या वेळी पोराशी काय बोलायचं. ग्रुपचं अश्विनीलाही माहीत नव्हतं. सामना साडेतीनला संपायचा आणि हा पाचपर्यंत मालेगाव ते मस्कत पसरलेल्या मित्रांशी भांडत बसायचा. माझ्या मते चिडचिडीला हरण्यापेक्षा ते दीड तास जास्त जबाबदार होते. नव्या कागदावर आलं: "लीगमध्ये दहाच्या आत. हरल्यावर ग्रुप दुसऱ्या दिवशी संध्याकाळी."

ईशानला मी वेगळं भेटले. मला वाटलं होतं शाळेत चिडवतात म्हणून पोराने संघ बदलला. चिडवत होते, पण त्याचं त्याला फार नव्हतं.

"मॅम, लिव्हरपूलची मॅच आमच्याकडे कोणीच बघत नाही. मग मला शांतपणे बघता येते."

आणि युनायटेडबद्दल काय वाटतं? खांदे उडवले. "नवा मॅनेजर आला की बाबा दोन आठवडे चांगले असतात."

त्याला विचारून मी हे मिलिंदला सांगितलं. त्याने जमिनीकडे बघत थोडा हिशोब केला आणि म्हणाला, "सोल्शायरच्या वेळी तीन महिने होतो." विनोद म्हणून नाही, बचाव म्हणून. मग स्वतःच गप्प झाला. दर वाढदिवसाला त्याने पोराला युनायटेडची जर्सी दिली होती, आवडते का हे कधी विचारलं नव्हतं. नवा मॅनेजर जिंकायला लागला की पोरगा आपोआप परत येईल, हा त्याचा हिशोब होता. आमोरिम यांच्या डोक्यावर नाशिकमधल्या इंदिरानगरच्या एका घराचंही ओझं होतं हे त्यांना कुणी सांगितलं नसणार.

यानंतर मोठं काही घडलं नाही. छोटं घडलं. युनायटेडचे सामने हॉलमध्ये, आवाज मर्यादेत, शिवी आली की टीव्ही दहा मिनिटं बंद. हा नियम ईशानने सुचवला आणि पहिल्या महिन्यात बऱ्याचदा वापरला. लिव्हरपूलच्या सामन्याला बाप सोबत बसला नाही तरी चालेल, टोमणा मात्र नाही.

१७ एप्रिलची रात्र अश्विनीने मला फोनवर सांगितली. युरोपा लीगमध्ये लियोंशी सामना, अतिरिक्त वेळेत युनायटेड २-४ मागे, आणि मग तीन गोल, शेवटचा हॅरी मॅग्वायरचा १२१ व्या मिनिटाला. आपल्याकडे पहाटेचे तीन वाजून गेलेले. आरडाओरड्याने ईशान उठून आला. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडेची सुट्टी होती म्हणून ती काही बोलली नाही. त्यानंतर दहा दिवसांनी लिव्हरपूलने टॉटेनहॅमला ५-१ हरवून लीग जिंकली, विसावी, म्हणजे युनायटेडइतक्याच. मिलिंद अर्धा तास हॉलमध्ये बसला, चौथ्या गोलानंतर उठला आणि खाली चक्कर मारून आला. येताना पोरासाठी आइस्क्रीम आणलं, अभिनंदन काही तोंडातून निघालं नाही. मी यापेक्षा जास्त मागितलंही नसतं.

२१ मेच्या फायनलमध्ये, बिल्बावला, युनायटेड टॉटेनहॅमकडून ०-१ हरलं. लीगमध्ये पंधरावं आलं. मिलिंदचं "दहाच्या आत" चुकलं, पण ग्रुप खरोखर संध्याकाळपर्यंत बंद राहिला आणि शटर साडेआठला उघडलं.

जूनमध्ये तिघं मिळून आले तेव्हा त्याने पुढच्या हंगामाचा कागद आणला होता. "पहिल्या आठात." या वेळी खाली कारणही होतं: युरोपचे सामने नाहीत, त्यामुळे सरावाला आठवडा मोकळा. अश्विनीने कागद हातात घेऊन दोनदा वाचला.

"म्हणजे मधल्या वारी रात्री दीडचे सामने नाहीत?"

"फारसे नाहीत."

"मग फायनल हरले ते बरंच झालं की."

मिलिंद माझ्याकडे वळला. "मॅडम, पुढच्या वेळी हिलाच एकटीला बोलवा."