रूपांतरित स्टाइलमधले नकोसे ड्रम-आवाज

एका कंपनीच्या कीबोर्डची स्टाइल, म्हणजे आपोआप वाजणारी साथ, दुसऱ्या कंपनीच्या कीबोर्डसाठी रूपांतरित करून वाजवताना मध्येच खरखर किंवा टिकटिक ऐकू आली, की नवशिके वादक अख्खा ड्रम ट्रॅक बंद करतात. तसे कृपया करू नका, कारण चूक बहुतेकदा तालात नसून आवाजांच्या मांडणीत असते. किटमध्ये, म्हणजे ड्रमच्या आवाजांच्या संचात, प्रत्येक आवाज ठरावीक क्रमांकाच्या नोटवर असतो. यामाहाच्या एक्सजी या स्वतःच्या प्रमाणाच्या किटमध्ये २९ क्रमांकाच्या नोटवर स्नेअरचा रोल (सलग घुमणारे बारीक ठोके) असतो, तर जीएम २ या सर्वसामान्य प्रमाणाच्या किटमध्ये त्याच नोटवर स्क्रॅचचा आवाज असतो. ३३ वरचा मऊ किक तिथे मेट्रोनोमची टिकटिक होतो. ३५ पासून पुढचे किक, स्नेअर, हाय-हॅट बहुतांशी जुळतात, म्हणून पहिला संशय त्याखालच्या नोटांवर घ्यावा.

मूळ फाइलची प्रत जपून ठेवा आणि योग्य किट लागले आहे का, हे आधी पाहा; ब्रश किटऐवजी साधे किट लागले असेल, तर योग्य किट निवडताच, एकही नोट न बदलता काम होते. यामाहाच्या स्टाइलमध्ये ताल ९ आणि १० या दोन चॅनलांवर असतो, तेव्हा दोन्ही वेगवेगळे ऐका.

रोलच्या बाबतीत मात्र घाई नको. तो एकाच लांब नोटेत साठवलेला असतो, त्यामुळे ती नुसती ३८ वर सरकवली तर स्नेअरचा एकच ठोका पडतो. तिच्या जागी हळूहळू वाढत्या व्हेलॉसिटीचे (जोराचे) बारीक ठोके हाताने भरावे लागतात. काम कष्टाचे आहे, पण फिल-इनचा, म्हणजे दोन भागांना जोडणाऱ्या छोट्या ताल-तुकड्याचा, जीव त्यातच आहे, असे मला मनापासून वाटते. हीच तपासणी इंट्रो, मुख्य भाग आणि एंडिंग यांत स्वतंत्रपणे करा.