एमी कार्मायकल यांच्या शिकवणीतून मुलांसोबत काम करणाऱ्याने काय घ्यावे?

आपण विचारले आहे की, दक्षिण भारतात मुलांच्या रक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या ख्रिस्ती मिशनरी एमी कार्मायकल यांच्या आध्यात्मिक विचारांत, ख्रिस्ती नसलेल्या पण बालगृहात स्वयंसेवक म्हणून जाऊ इच्छिणाऱ्या माणसाने घ्यावे असे काही आहे का. मी अचलपूर तालुक्यातील एका निवासी शाळेत मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका आहे. वारकरी घरात वाढले आहे, आणि कार्मायकल यांच्याविषयी बरीच वर्षे वाचत आले आहे. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांच्याकडून घ्यावी अशी मुख्य गोष्ट एकच आहे: मूल तगते ते त्याच्याजवळ रोज राहणाऱ्या माणसामुळे, आणि त्यांच्या लेखी हे रोजचे राहणे हीच उपासना होती.

त्यांचा जन्म 1867 साली उत्तर आयर्लंडमधील मिलआइल या गावी झाला. 1895 मध्ये त्या भारतात आल्या आणि 1951 साली तिरुनेलवेली भागातील डोहनावूर येथे त्यांचे निधन झाले. मधल्या पंचावन्न वर्षांत त्या एकदाही मायदेशी परतल्या नाहीत. येताना मुलांचे काम त्यांच्या मनात नव्हते. सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून धर्मप्रचार करणे हेच त्यांचे ठरलेले काम होते. मार्च 1901 मध्ये प्रीना नावाची सुमारे सात वर्षांची मुलगी देवळातून पळून त्यांच्याकडे आली. ती त्यापूर्वीही एकदा पळून आपल्या आईकडे गेली होती, परंतु तिला परत पाठवण्यात आले आणि शिक्षा म्हणून तिच्या हातांना डागण्या दिल्या गेल्या. देवाला वाहिलेल्या मुलींचे पुढे काय होते, हे कार्मायकल यांना या मुलीच्या तोंडून कळले. त्यानंतर एकेक करून मुली येत गेल्या, 1918 पासून मुलगेही येऊ लागले, आणि प्रचारासाठी फिरणारी ही बाई एका जागी बांधली गेली.

या बांधले जाण्याचा त्यांना आरंभी त्रास झाला. मुले आईचे पाय बांधतात, अशा अर्थाची एक तमिळ म्हण आहे. ती त्यांनी ऐकली होती आणि आपल्या बाबतीत ती खरी ठरते आहे हे त्यांना दिसत होते. ज्याच्या पायांत खिळे ठोकले गेले त्याच्या प्रेमाखातर आपण आपले पाय बांधून घ्यावेत, असे उत्तर त्यांनी स्वतःला दिले. हे उत्तर ख्रिस्ती श्रद्धेतून आले आहे आणि ते तसेच समजून घ्यावे, त्याला आपल्या सोयीचा मुलामा देऊ नये, असे मला वाटते. तरीही जिने तापलेल्या मुलीच्या उशाशी बसून एकादशीचे भजन सोडून दिले आहे, अशा आमच्याकडील कोणत्याही बाईला त्यातले तथ्य समजावून सांगावे लागत नाही.

काही मिशनऱ्यांनी त्यांच्यावर अशी टीका केली की, दूध पाजणे, लंगोट धुणे, इमारती बांधणे हे धर्मकार्य नव्हे. आत्म्यांचा उद्धार हे खरे काम. त्यावर त्यांचे म्हणणे असे होते की, आत्मे शरीराला चांगलेच घट्ट बांधलेले असतात आणि एकाला बाजूला ठेवून दुसऱ्याची सेवा करता येत नाही. मला त्यांच्या सगळ्या विचारांत हा विचार सर्वांत मोलाचा वाटतो, कारण ज्या काळात अगदी तान्ही बाळे त्यांच्याकडे येत होती आणि त्यांतील कित्येक हातातून जात होती, त्या काळात तो तयार झाला. आमच्या भागात हा विचार परका नाही. भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र हाच देव, असे गाडगेबाबा कीर्तनातून सांगत फिरले ते याच अमरावती जिल्ह्यात जन्मून. आमच्याच तालुक्यात वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर अनाथ दिव्यांग मुलांचे बाप झाले, त्यांना स्वतःचे नाव दिले, आणि अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून अशा मुलांना संस्थेबाहेर काढू नये यासाठी ते सतत बोलत राहिले. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पाय बांधून घेणे म्हणजे काय, हे पाहायला आम्हाला तिरुनेलवेलीपर्यंत जावे लागत नाही.

डोहनावूरच्या त्यांच्या आश्रयगृहातील एक प्रथा मात्र मी मनापासून उचलली आहे. तेथे आलेल्या अनेक मुलांची जन्मतारीख कोणालाच ठाऊक नसे, म्हणून मूल ज्या दिवशी त्या घरात आले तो दिवस दरवर्षी त्याचा सण म्हणून साजरा होई. आमच्या हजेरीपटावर कित्येक मुलींच्या नावापुढे 1 जून ही जन्मतारीख असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. मेळघाटातून आलेल्या, आईवडील वीटभट्टीवर गेलेल्या किंवा वडिलांनी कर्जापायी जीव दिलेल्या मुलीला ‘तू आमच्याकडे आलीस तो दिवस आम्हाला लक्षात आहे’ असे कोणी सांगितले, तर तिच्या चेहऱ्यावर काय उमटते ते मी अनेकदा पाहिले आहे. आम्ही त्या दिवशी शिरा करतो, एवढेच.

आता मतभेदाचे बोलते, कारण आपण ख्रिस्ती नसल्याचे स्पष्ट लिहिले आहे. कार्मायकल यांचे आरंभीचे लेखन हिंदू समाजाविषयी कठोर आहे, त्यांच्या सांभाळात आलेली मुले ख्रिस्ती म्हणून वाढली, आणि मुले पळवल्याचे आरोपही त्यांच्यावर झाले. यातील सर्व गोष्टींचे समर्थन मी करणार नाही. मुलाचे रक्षण आणि मुलाचा धर्म हे दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत, असे माझे मत आहे, आणि आजचा कायदाही मुलाची सांस्कृतिक ओळख जपायला सांगतो. शिवाय ज्या देवदासी प्रथेतून त्यांनी मुली सोडवल्या ती केवळ आश्रयगृहाने बंद झाली नाही. मद्रास विधान परिषदेत डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी लढा दिला आणि 1947 मध्ये कायदा झाला. आश्रय आणि कायदा, दोन्ही लागतात. पंडिता रमाबाईही 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात येऊन मुली आणि बालविधवा घेऊन गेल्या होत्या. नागपूर आणि वर्धा तेव्हा त्याच प्रांतात होते. त्यांच्या धर्मांतरावरून महाराष्ट्रात केवढे वादळ झाले हे सर्वांना माहीत आहे, पण त्या मुली जगल्या, हेही तितकेच खरे आहे.

एक विचार मात्र जपून घ्यावा लागतो. ऑक्टोबर 1931 मध्ये कार्मायकल एका खड्ड्यात पडल्या, पाय मोडला, आणि पुढची जवळजवळ वीस वर्षे त्या बहुतेक अंथरुणावरच होत्या. तेथूनच त्यांनी पुष्कळ लिहिले, आणि दुःखाचा स्वीकार केल्याने शांती मिळते, हे त्या लेखनाचे मुख्य सूत्र आहे. हे सूत्र त्यांनी स्वतःच्या वेदनेला लावले. मुलांच्या वाट्याला आलेल्या अन्यायाला त्यांनी ते कधीही लावले नाही, तेथे त्या अखेरपर्यंत झगडत राहिल्या. आमच्या गावांत नेमके उलट घडते. स्वतःच्या बांधावरून माणसे वर्षानुवर्षे कोर्टात भांडतात, आणि दहावीतील मुलीचे लग्न ठरले की ‘तिच्या नशिबात होतं ते झालं’ म्हणतात. अशा वेळी शांतपणे स्वीकारणे हे अध्यात्म नव्हे. ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात आणि 1098 हा मुलांच्या मदतीचा क्रमांक रात्रीही लागतो. तो लावणे ही मी माझ्या प्रार्थनेचाच भाग मानते.

आपण बालगृहात जाणार आहात, तर जाण्यापूर्वी आपण किती काळ राहू शकाल हे ठरवा. चार महिने जाऊन, मुलांना लळा लावून, परीक्षेचे कारण सांगून नाहीसे होणारे पुष्कळ चांगले तरुण मी पाहिले आहेत. त्यांचा हेतू शुद्ध होता, परंतु पुढचे कित्येक रविवार मुली फाटकापाशी उभ्या राहत. आठवड्यातून एकच तास देता येत असेल तर तेवढाच द्यावा, वार आणि वेळ पक्की करून अधीक्षकांकडे नोंदवावी, आणि कधी थांबणार हे मुलांना पहिल्याच भेटीत सांगावे. खाऊ आणि फोटो नसले तरी चालते. अभ्यास घेता येत नसेल तर केस विंचरून द्यावेत, गणवेशाची बटणे लावावीत. या कामाला आमच्याकडे नेहमीच हात कमी पडतात.